शून्य लिहिण्याआधी

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

प्रिय खारू,

महापौरपदासाठी नऊ नावं राहिली. आज दुपारी तीनला माघारीची मुदत संपली आणि सव्वातीनला निवडणूक कचेरीच्या मुख्य कारकूनबाईंनी यादीवर शिक्का मारून तिची एक प्रत माझ्या हातात दिली. शिक्का असल्याशिवाय या बाई आजचा वारही मान्य करत नाहीत, म्हणून कचेरीतले सगळे त्यांना शिक्केबाई म्हणतात. अर्थात पाठीमागे.

तू म्हणशील, पुठ्ठ्याची खोकी कापणाऱ्या माणसाला उमेदवारांची यादी कशाला? तर पालिकेचा या वेळी नवा नियम आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना यापुढे मत द्यायला सोबत कुणाला आत न्यावं लागणार नाही. त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचा साचा असेल. मतपत्रिका त्यात सरकवायची. प्रत्येक नावापुढच्या चौकोनावर साच्यात एक भोक आणि भोकाशेजारी टिंबांनी उठवलेला आकडा. बोटाने आकडा शोधायचा, भोकात शिक्का मारायचा, झालं. शहरात चौऱ्याऐंशी मतदान खोल्या आहेत, महापौर आणि नगरसेवक अशा दोन मतपत्रिका, म्हणजे एकशे अडुसष्ट साचे. एवढ्याशा कामाला मोठे कारखाने हात लावेनात. आमच्या मालकांनीही नको म्हटलं होतं. मी म्हटलं, मी करतो.

चार वर्षांपूर्वी मी तुझ्यासोबत आत आलो होतो. आता तशी गरज पडणार नाही. तू इथे असतीस तर, असं म्हणतोय.

मतदारयादीत तुझं नाव अजून आपल्याच पत्त्यावर आहे, शाळेतली खोली क्रमांक चौदा. मी मुद्दाम शोधलं नाही. पान उघडलं होतं, दिसलं.

माझं अक्षर तुझ्या फोनला लागत नाही, हे तूच एकदा हसत म्हणाली होतीस. तेव्हा हे पत्र तुझ्या वसतिगृहाच्या बाई वाचून दाखवत असणार. बाई, नमस्कार. तुमचा वेळ घेतोय.

मागच्या निकालानंतर साप्ताहिकात खोलीवार आकडे छापून आले, त्या दिवशी जेवताना तू मला एक प्रश्न विचारला होतास. आपल्या खोलीत सात नंबरला शून्य कसं? मी तेव्हाच उत्तर दिलं होतं, की मोजणीत चूक झाली असेल. ते आता उकरून काढत नाही. महिन्याभरात तू नोकरी घेऊन तिकडे गेलीस आणि दर रविवारी तू आईला फोन करतेस तेव्हा मी बाल्कनीत जाऊन झाडांना पाणी घालतो. आई म्हणते, "दोन कुंड्या आणि अर्धा तास पाणी. झाडं पोहायला लागतील आता."

पहिला साचा सोमवारपर्यंत तयार होईल. फार छान होणार आहे. मुद्दाम सांगतो, कसाही धरला तरी बसेल असा करतोय.

तुझा,
बाबा


बुधवार, ८ ऑक्टोबर

प्रिय खारू,

साचा नापास झाला. हे आज अकरा वाजता पालिकेच्या ऑपरेटरबाईंनी सांगितलं, आणि त्यांना ते कळायला मोजून चार सेकंद लागले.

ऑपरेटरबाई म्हणजे पालिकेच्या टेलिफोन बोर्डावर छत्तीस वर्षं बसणाऱ्या बाई. त्यांनाही जन्मापासून दिसत नाही. शहरातल्या निम्म्या लोकांनी त्यांचा आवाज ऐकलाय, चेहरा कुणीच पाहिलेला नाही. शिक्केबाईंनी त्यांना परीक्षक म्हणून बोलावलं होतं. मी नवा शर्ट घालून गेलो होतो. आईने विचारलं होतं, "परीक्षा साच्याची आहे की तुमची?"

शिक्केबाईंनी नमुन्याची मतपत्रिका माझ्या साच्यात सरकवली आणि तो टेबलावर ठेवला. आपल्या मतपत्रिकेवर नाव डावीकडे, चिन्ह उजवीकडे आणि शिक्क्याचा चौकोन बरोबर मधोमध असतो. भोकं चौकोनांवर अशी चपखल बसली होती की मला जरा अभिमानच वाटला. ऑपरेटरबाईंनी साचा उचलला, दोन्ही टोकांना अंगठा फिरवला आणि परत खाली ठेवला.

"बाई, कागद डोक्यावर उभा आहे."

"म्हणजे?" शिक्केबाई.

"पुस्तकातून मतपत्रिका फाडता तेव्हा तिची वरची कड दातेरी होते. ती कड आता माझ्या पोटाकडे आहे. मी एक नंबरवर शिक्का मारला तर तो नऊवाल्याला जाईल."

शिक्केबाईंनी कागद ओढून पाहिला. उलटा! घाईत त्यांनीच घातला होता.

"पण मी बघून घातला की हो."

"तुम्ही वाचत होता. मी हात लावला."

मी मध्ये बोललो. म्हटलं, बाई, कसाही घातला तरी बसतो हा तर या साच्याचा गुण आहे. आमच्या धंद्यात खोक्याच्या आतली बैठक अशीच करतात. भरणारा घाईत असतो, त्याला उलटं-सुलटं बघायला लावायचं नाही. एकोणतीस वर्षं मी हेच केलंय आणि गिऱ्हाइकांनी याचसाठी वाखाणलंय.

"खोक्यात तुम्ही काय भरता?" त्यांनी विचारलं.

"बाटल्या. सरबताच्या, औषधाच्या."

"बाटलीचं काय जातंय हो, उभी राहिली की झालं. बाटलीला कुणी नकोय आणि कुणी हवंय असं असतं का?" मग स्वतःच हसल्या. "नऊ नावं आहेत ना? मग पाच नंबरवाल्याची मजा आहे. कागद कसाही घाला, पाचाचं मत पाचालाच. त्याला कळू देऊ नका, पेढीवर बसल्यासारखा निवांत बसेल."

मी म्हटलं, खालची बाजू चिकटवून बंद करतो आणि खोलीतल्या अधिकाऱ्यांना कागद कसा घालायचा ते शिकवू. त्या म्हणाल्या, "शिकवा. पण त्यांनी नीट घातलाय की नाही हे मला तपासता आलं पाहिजे. तुमच्यावर विश्वास आहे हो. पण विश्वासाला बोट लावता येत नाही. वरच्या बाजूला अर्धचंद्र कापा, म्हणजे दातेरी कड उघडी राहील. कड लागली तर शिक्का, नाही लागली तर साचा परत."

खारू, मी आयुष्य कागद-पुठ्ठ्यात काढलं. फाटलेल्या कडा हजारो वेळा हाताखालून गेल्या. मी त्या कापून टाकल्या, रद्दीत घातल्या. एका दातेरी कडेवरून माणसाला आपलं मत सुलटं आहे की उलटं हे कळू शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. त्या बोर्डावर परत गेल्या, आणि मी आणि शिक्केबाई थोडा वेळ नुसते त्या कागदाच्या कडेवर बोटं फिरवत बसलो होतो. शिक्केबाई डोळे मिटून. मला तर काही लागतच नव्हतं सुरुवातीला.

लहानपणी तू पुस्तकाच्या पानांचा वास घेऊन कुठलं पुस्तक ते सांगायचीस, आणि मी पाहुण्यांसमोर तुला ते करून दाखवायला लावायचो. तेव्हा मला ती गंमत वाटायची.

कापून ठेवलेले दीडशे साचे रद्दीत गेले. आता अर्धचंद्र हाताने कापतोय, त्याचा डाय, म्हणजे कापायच्या पात्यांचा ठोकळा, करायला वेळ नाही. दुपारी पैलवान येऊन गेला. तो याही वेळी महापौरपदाला उभा आहे, तीन नंबर. सायकल दारात टेकवून म्हणाला, "दोस्ता, घरची तिन्ही मतं धरू ना?" मशीन चालू होतं. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

बाबा


सोमवार, १३ ऑक्टोबर

प्रिय खारू,

नवे साचे मंजूर. शनिवारी शिक्केबाईंनी पहिल्या साच्याच्या मागे शिक्का मारला, आणि ऑपरेटरबाईंनी शिक्का वाळायच्या आत त्याला हात लावून अंगठा निळा करून घेतला. "आता मीही अधिकृत," म्हणाल्या.

साचे पोचवायला गेलो तेव्हा शाळेच्या व्यायामशाळेत मतमोजणीची तालीम चालली होती. शिक्केबाई म्हणाल्या, थांबायचं तर थांबा, पण टेबलांपासून दोन हात लांब. मी तासभर म्हणून थांबलो आणि चार तास उभा होतो.

वीस टेबलं. प्रत्येक टेबलावर तीन माणसं, एकमेकांच्या ओळखीची नसलेली. तसा नियमच आहे. एक दाताच्या दवाखान्यातली बाई, एक बसचा वाहक, एक नळदुरुस्तीवाला, एक संगीताची शिक्षिका. पहिला कागद उघडून दाखवतो, दुसरा मोठ्याने वाचतो, तिसरा तो त्या त्या ट्रेमध्ये टाकतो. मग जागा बदलतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे. तिघांचे आकडे जुळले नाहीत तर गठ्ठा फोडायचा आणि नव्याने सुरू. तालमीसाठी उमेदवारांच्या जागी भाज्या होत्या. साठ शहाणी माणसं गंभीर चेहऱ्याने "गाजर", "पालक", "गाजर", "भोपळा" म्हणतायत. आधी मला हसू आलं. मग हसू कुठे गेलं कळलं नाही.

शिक्केबाईंनी मुद्दाम खोड्या करून ठेवल्या होत्या. दोन कागद एकमेकांना चिकटवलेले, एक कोरा, एक दोन शिक्क्यांचा, एक घडीच्या आत घडी घातलेला. एकही सुटला नाही. नळदुरुस्तीवाल्याने चिकटलेले दोन कागद नुसत्या वजनावरून ओळखले.

आणि मग मी एक गोष्ट पाहिली. ती तुला सांगायची की नाही, यावर दोन दिवस विचार केला.

सात नंबरच्या टेबलावर मुळ्याला एकही मत पडलं नव्हतं. दवाखान्यातल्या बाईंनी शून्य लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात शिक्केबाई लांबून ओरडल्या, "शून्याआधी हात!" बाईंनी पेन खाली ठेवलं. मुळ्याचा ट्रे रिकामाच होता, तो सगळ्यांना दिसत होता. तरी आधी त्यांनी ट्रेमध्ये हात फिरवला, चारी कोपऱ्यांतून, आणि "रिकामा" म्हणाल्या. मग नळदुरुस्तीवाल्याने हात फिरवला, "रिकामा." मग वाहकाने. मग तिघांनी मिळून शेजारच्या सगळ्या ट्रेमधले कागद पुन्हा एकदा उलगडून पाहिले, मुळ्याचं मत दुसऱ्याच्या ढिगात तर गेलं नाही ना. आणि मगच शून्य लिहिलं, खाली तिघांच्या सह्या.

मी शिक्केबाईंना म्हटलं, एवढं कशाला? दिसतंय की रिकामं आहे.

त्या म्हणाल्या, "एक मत पडलं असेल आणि आपण शून्य लिहिलं, तर त्या एका माणसाला काय वाटेल? बाकीचे आकडे थोडे चुकले तर कुणाला कळणार नाही. पण शून्याच्या खाली जो उभा असतो ना, त्याला बरोबर कळतं."

मी विचारलं, हा नियम या वर्षीचा का?

"बावीस वर्षं मी आहे, बावीस वर्षं हाच नियम आहे."

आईची कंबर आता बरी आहे. बाल्कनीत मिरचीला फुलं आली. कामाच्या गडबडीत माझं एक नख काळं पडलंय, पण दुखत नाही.

बाबा


शुक्रवार, १७ ऑक्टोबर

प्रिय खारू,

तुझं पत्र पोचलं. काल सकाळी टपालवाल्याने आईच्या हातात दिलं.

जाड पिवळट कागद, शाईचा एक थेंब नाही. आई म्हणाली, "कोरंच पाठवलंय की." मग तिने त्यावर तळवा फिरवला. "नाही हो. टोचलंय. तिच्या लिपीत आहे." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला ही वाचता येत नाही, हे तिला माहीत आहे बरं का." तू पाच वर्षांची असताना मी ही लिपी शिकणार होतो. शाळेतल्या बाईंनी तक्ता दिला होता. तो कपाटावर होता, मग कपाट बदललं.

आज दुपारच्या सुटीत मी कागद घेऊन ऑपरेटरबाईंकडे गेलो. त्या जेवत होत्या. म्हटलं, मुलीचं पत्र आहे, वाचून दाखवता का?

त्यांनी हात पुसून एक हात पुढे केला. मग थांबल्या.

"दाखवते की. पण मग ते मलाही कळेल. चालेल ना?"

"चालेल."

"आणि मी वाचते तसंच त्यात लिहिलंय, हे तुम्हाला कसं कळणार?" त्या हसत होत्या. "मला वाटलं, या गृहस्थाला हे ऐकून वाईट वाटेल, म्हणून मी दुसरंच काही गोड वाचलं तर? तुमच्या भल्यासाठीच हं."

त्या गमतीने बोलत होत्या. त्यांना काहीही माहीत नाही, मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. मी तिथे कागद धरून उभा राहिलो. हातात माझं स्वतःचं पत्र, आणि ते मला दुसऱ्याच्या तोंडूनच कळणार. त्या एका मिनिटात मी नेमका कुठे उभा होतो, ते मी तुला वसतिगृहाच्या बाईंमार्फत सांगणार नाही.

मी कागद परत घेतला. म्हटलं, बाई, वाचू नका. मला शिकवा.

"किती दिवसांत?"

"मतदान सोळा दिवसांवर आहे."

"मग दहा घ्या. टपालालाही दिवस लागतात."

त्यांनी ड्रॉवरमधून तक्ता काढला, धातूची खिडक्यांची पट्टी आणि टोचा दिला. सहा टिंबं, बस, सहाच टिंबांत सगळी अक्षरं, मात्रा, आकडे. मी खूप वेळ नुसता तक्ता बघत राहिलो. सगळं जग सहा टिंबांत बसवणारा माणूस आमच्या धंद्यात असता तर! टोचताना उजवीकडून डावीकडे उलटं टोचायचं आणि कागद पालटून सुलटं वाचायचं, याची ऑपरेटरबाईंना काळजी होती, सगळे तिथेच अडतात म्हणून. मी मात्र तिथे अडलो नाही. डाय बनवणारा जन्मभर उलटंच काम करतो. त्यांनी मला वाचताना पकडलं तेव्हा मात्र ओरडल्या, "डोळ्यांनी वाचताय? ही लबाडी आहे!" आवाजावरून कळलं म्हणे, मी कागदावर वाकून श्वास घेत होतो.

तुझी एक ओळ वाचायला मला दोन तास लागले. अक्षर अक्षर लावलं. उत्तर देईन, पण या पत्रात नाही. बाई, तुमचा राग नाही, तुम्ही फार चांगलं वाचत असाल. पण हे उत्तर तुमच्या आवाजात जायचं नाही.

खारू, मला दहा दिवस दे.

बाबा


सोमवार, २७ ऑक्टोबर

प्रिय खारू,

हे मी स्वतः टोचतोय. सहा पानांना चार दिवस लागले. जिथे चुकलो तिथे टिंब नखाने दाबून सपाट केलंय. तुझ्या बोटाला ते खड्डे लागतील, त्याबद्दल माफ कर. हे पत्र तुझ्याशिवाय कुणी वाचलेलं नाही.

तू लिहिलंस: मोजणीत चूक झाली असं अजून वाटतं का?

नाही.

तू माझ्या कानात सात म्हणालीस. मी दोनवर शिक्का मारला. बाहेर आल्यावर तू विचारलंस, बाबा, नीट उमटला ना? मी म्हटलं, छान उमटला. तेवढंच खरं होतं.

आत जाण्याआधी मी कागदावर सही केली होती, की मुलगी सांगेल तसंच करीन.

पैलवान तेव्हा दोन नंबरला होता आणि तिन्ही मतांचा शब्द मी त्याला दिला होता. पण खरं कारण ते नाही. सात नंबरच्या, पुस्तकांची गाडी चालवणाऱ्या त्या बाई निवडून येणार नव्हत्या. मला वाटलं तुझं मत वाया जाईल. मी ते वाचवतोय असं मला वाटलं. तुझा हात धरून रस्ता ओलांडावा तसं. तुला त्या बाई का हव्या होत्या, हे मी विचारलंही नव्हतं. आता विचारणार नाही. ते तुझं आहे.

आणि मग मी मोजणाऱ्यांवर ढकललं. ती तीन माणसं कोण होती, मला माहीत नाही. पण आता मला माहीत आहे की त्यांनी सात नंबरच्या रिकाम्या ट्रेमध्ये हात फिरवला असणार. तिघांनी. चारी कोपऱ्यांतून. बाकीचे सगळे ढीग उलगडून त्यांनी तुझं मत शोधलं असणार. तुला ओळखत नसलेल्या तीन माणसांनी तुझ्या एका मतासाठी एवढं केलं. ते त्यांना सापडणार नव्हतं, कारण ते मी आधीच घेतलं होतं.



आईला शनिवारी सांगितलं. ती ताट उचलून स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच जेवली. मग दारात येऊन म्हणाली, "आणि माझं मत तुमच्या पैलवानाला गेलं, असं समजून आहात का इतकी वर्षं?" मी म्हटलं, मग कुणाला? तिने दिवा घालवला. एवढ्या वर्षांच्या संसारात एक गोष्ट मला माहीत नाही, आणि तिला ती कधी सांगायची गरज वाटली नाही. खारू, माझी बायको मला एकदम उंच वाटली.

पैलवानालाही सांगितलं. आधी हसला. "अरे, मी अकराशेनी पडलो, तुझ्या एका मताने काय होणार होतं?" मग म्हणाला, "म्हणून पोर घर सोडून गेली?" मी मान हलवली. तो सायकलवर बसला नाही. ढकलत गेला.

आज सकाळी शिक्केबाईंना सांगितलं. त्यांनी हातातला शिक्का शाईच्या गादीवर ठेवला.

"शपथेवर सही तुमचीच?"

"माझीच."

"मागच्या निवडणुकीचे कागद नियमाप्रमाणे नष्ट झाले. माणूस नाही झाला." त्यांनी हात पुढे केला. "मोजणी बघायला दिलेला पास परत द्या. मोजणीला तुम्ही येणार नाही. सोमवारी अकराला लेखी घेऊन या, सगळं, सहीनिशी. आता माझ्याकडे निवडणूक आहे."

मी पास दिला. साचे त्यांनी काढून टाकले नाहीत. म्हणाल्या, "ते ऑपरेटरबाईंनी पास केलेत, तुम्ही नाही."

आता पुढचं सांगतो.

रविवारी सकाळी सातला दारं उघडतील. खोली चौदा तळमजल्यावरच आहे, पायऱ्या नाहीत. टेबलाशी साचा माग, प्रत्येक खोलीत दोन ठेवलेत. सोबत कुणी हवंय का असं विचारतील. काय सांगायचं ते तू ठरव. साचा हातात आला की आधी वरच्या अर्धचंद्रात बोट घाल. दातेरी कड लागली पाहिजे. नाही लागली तर परत कर, नवा कागद घालून देतील. महापौराच्या साच्यात नऊ भोकं, नगरसेवकाच्या साच्यात सहा. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मोजून घे.

मी सातला मत देऊन सव्वासातला घरी असेन. शाळेच्या रस्त्यावर दिवसभर फिरकणार नाही. तू घरी यावंस असं मी म्हणत नाही. आईला म्हटलंस तर ती तुला थांब्यावरून शाळेच्या फाटकापर्यंत सोडेल आणि तिथूनच परत बसमध्ये बसवून देईल.

सोमवारी अकराला मी कचेरीत असेन. तिथे काय होईल, शिक्केबाईंनाही अजून माहीत नाही.

तू कुठल्या बसने येशील, येशील की नाही, हे आईने फोनवर विचारायचं नाही असं ठरवलंय. ती डबा घेऊन साडेआठच्या बसपासून थांब्यावर बसणार आहे. तुझ्याकडून दर दीड तासाने एक बस येते. शेवटची चारला पोचते. दारं पाचला बंद होतात.

बाबा